मंगळी आणि अंगणवाडीचे इतर लाभार्थी

३ ऑगस्ट

आजपासून माझ्या अंगणवाडीत कुत्री शिकणार!

तहसीलचे साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून म्हणाले, "नीलाबाई, तुमच्याकडे कंपाउंड आहे. पूरग्रस्तांची जनावरं दोन दिवस सांभाळा." पोलिओ माझा, मतदार यादी माझी, घरोघरचा सर्व्हे माझा — मग कुत्र्यांनीच काय घोडं मारलंय?

वैनगंगा नदीकाठच्या पिंपळटोल्याच्या वस्तीत शिरली. सगळा टोला आमच्या टेकाडीवरच्या आश्रमशाळेत येऊन राहिला. तिथे जनावरांना मनाई, कारण रोगराई होते. सगळ्या टोल्याला मिळून दोन संडास, त्याने रोगराई होत नाही. गाईबैलांची सोय वेगळी झाली, त्यांना बाजारात भाव आहे. बाकीचा माल माझ्याकडे — सहा कुत्री, एक मांजर, एक पोपट आणि हरिदासभाऊचा लढाईचा कोंबडा.

लेकरं तोवर विहारात बसणार. माझी मदतनीस रंभा त्यांना सोडून आली आणि म्हणाली, "बाई, तिथी कशी चूप बसून राह्यली. आपल्या इथी तं कधी बसली नाई." बाबासाहेबांच्या फोटोसमोर दंगा करायची हिंमत कोणाची? माझ्यासमोर सगळ्यांची असते.

४ ऑगस्ट

हरिदासभाऊ कोंबड्याच्या सूचना द्यायला आला. "याले रोज बदाम लागते, बाई. अन् दुसऱ्या कोंबड्यापुढं नेऊ नका, भडकते." मी म्हटलं, भाऊ, माझ्या लेकरांना अंडं मिळायची मारामार आणि याला बदाम? त्याचा शेऱ्या कुत्राही इथेच आहे. त्याच्याबद्दल एक शब्द नाही. शेऱ्या मात्र हरिदासभाऊच्या चपलेवर डोकं ठेवून पडला होता.

पोपट कोणाचाच नाही. पोपट पाळणं गुन्हा आहे ना! टोल्यातला कुलदीप म्हणतो, "माझा नाई, बाई. झाडावरून आला असंन." पोपट दिवसभर ओरडतो, "कुलदीप, दार लाव." कुलदीप शेजारी उभा राहून आभाळाकडे पाहतो.

६ ऑगस्ट

दोन दिवस संपले. सरकारी दोन दिवस अजून सुरू व्हायचे आहेत.

मंगळी खात नाही. मंगळी म्हणजे मीराबाईची कुत्री, मंगळवारी जन्मली म्हणून मंगळी. कय्यूमभाऊ आपल्या चिकन सेंटरातून कोंबडीचे पाय फुकट पाठवतात, बाकीची मंडळी तुटून पडतात. ही तोंड फिरवून बसते. आमच्या भाषेत सांगायचं तर लाभार्थी तीव्र कुपोषणाच्या वाटेवर.

दुपारी मीराबाई आली. सत्तरीची म्हातारी, आश्रमशाळेपासून चिखल तुडवत. पदराची गाठ सोडली, आत मूठभर भात. मंगळीने तो असा खाल्ला की मला लाज वाटली, दोन दिवस मी तिला नावं ठेवत होते.

मग कळलं. मंगळी जागलीची कुत्री. धानात रानडुकरं येतात म्हणून मीराबाईचा नवरा रात्री मचाणावर असायचा. तो गेल्यावर म्हातारी स्वतः जागलीला जाते, सोबतीला ही. घरातला रिवाज असा की ताटातला पहिला घास मंगळीचा, मग मीराबाईचा. शिबिरात ताट मिळतं, तर पहिला घास पदरात बांधून ही इथवर येते.

"तुम्ही काऊन त्रास घेता? मी देते न भात," मी म्हटलं.

"तिले तुमचा हात माईत नाई, बाई."

इतकी वर्षं गावातली लेकरं या हाताने जेवली. कुत्रीने मात्र नापास केलं.

१० ऑगस्ट

आज शहराकडच्या ऊर्जानगर वसाहतीतून प्राणिप्रेमी आले. दोन गाड्या, बिस्किटं, रंगीत पट्टे आणि एक फोटोवाला. एक बाई म्हणाल्या, "यात लॅब्राडोर नाही का?" म्हटलं, पूर पिंपळटोल्यात आला, लॅब्राडोर यायचे राहून गेले. त्यांना विनोद कळला नाही. मलाही नंतर तो फारसा आवडला नाही.

एक कुत्रंसुद्धा कोणी दत्तक घेतलं नाही. मांजराने मात्र स्वतःलाच दत्तक दिलं, कय्यूमभाऊच्या दुकानात. सगळ्यांत शहाणं तेच.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. साहेबांनी भाषणात खुशखबर दिली — पिंपळटोल्याने आता नदीकाठी परत जायचं नाही. वर माळावर टिनाचे शेड तयार आहेत, आठवड्यात सगळे तिकडे. माळ म्हणजे जंगलाचं अंगण. मोहाची झाडं संपली की शेड, शेड संपले की मोहाची झाडं.

"मात्र कुत्री नेता येणार नाहीत. कुत्रं असलं की बिबट येतो."

मागून हरिदासभाऊ पुटपुटला, "कुत्रं असते म्हणून तं बिबट आला हे समजते." टाळ्या तेवढ्या साहेबांना मिळाल्या.

दोन घरं नागपूरला नातेवाइकांकडे चालली. कुत्री माझ्याकडेच. "ठेवून घ्या, बाई, तुमच्या इथी राजासारखी राह्यतील." टीव्ही मात्र नेला. कुत्रं टीव्हीपेक्षा जड असतं हे मला आज कळलं.

१६ ऑगस्ट

आज कोणी आलं नाही. म्हणजे मीराबाई आली.

२० ऑगस्ट

आज मी साहेबांशी भांडले आणि जिंकले! लिहून ठेवते, कारण घरी कोणी विश्वास ठेवत नाहीये.

शिबिरात बैठक होती. साहेबांनी पुन्हा तेच पुराण लावलं. मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, जंगलाच्या तोंडाशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठेवता आणि त्यांची जागणारी कुत्री माझ्याकडे बालवाडीत झोपवता, हा कोणता न्याय? माणसं हसली. साहेबांचे कान लाल झाले. म्हणाले, मोकाट कुत्री बिबट्याला गावात आणतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी लगेच म्हटलं, "मोकाट नाही ठेवणार. बांधून ठेवतील. माझा शब्द."

मीराबाईने मला कोपराने ढोसलं. "जागलीचं कुत्रं बांधत नाई, बाई."

मी हळूच म्हटलं, "आता चूप राहा न. काम होऊन राह्यलं."

काम झालं. साहेब म्हणाले, बांधणार असाल तर न्या. येताना छाती अशी फुगली होती की रंभा म्हणाली, "बाई, निवडणुकीले उभ्या राह्यता का?"

२३ ऑगस्ट

पाठवणी झाली. नागपूरवाल्यांची दोन कुत्री उरली, ती कय्यूमभाऊच्या दुकानामागे राहायला गेली. बाकी चार माळावर. ऊर्जानगरचे रंगीत पट्टे शेवटी कामी आले. प्रत्येकाला नवी दोरी, ग्रामपंचायतीकडून. हरिदासभाऊ एका काखेत कोंबडा आणि एका हातात शेऱ्याची दोरी धरून वरातीत निघाल्यासारखा निघाला. पोपट रिकाम्या अंगणवाडीत सापडला नाही, आणि कुलदीपच्या सामानातलं गाठोडं "दार लाव" म्हणत होतं. मी काही ऐकलं नाही.

मंगळीला दोरीची सवय नाही. चार पावलं चालायची, मागे वळून दोरी हुंगायची. मीराबाई तिच्या चालीने थांबत थांबत गेली.

मग फिनेल टाकून अंगणवाडी धुतली.

२५ ऑगस्ट

लेकरं परत आली. पहिल्या दहा मिनिटांत दंगा. विहारातले संस्कार धुऊन निघाले.

२९ ऑगस्ट

शेऱ्याला बिबट्याने नेलं.

हरिदासभाऊ सकाळी आला आणि पायरीवर बसला. काखेत कोंबडा नव्हता. "दोरी तेवढी राह्यली, बाई," म्हणाला. ज्याच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता, त्याच्यासाठी लेकरांसमोर रडला. माझी लेकरं एकदम चूप.

नदीकाठी काय व्हायचं, ते त्याने सांगितलं. बिबट आला की कुत्रं भुंकायचं आणि पळून खाटेखाली यायचं, मग माणसं काठ्या घेऊन उठायची. त्याचं कामच ते, भुंकायचं आणि पळायचं. शेऱ्या भुंकला. पळणार कसा?

साहेब म्हणत होते कुत्र्यामागे बिबट येतो. ते खरं निघालं, हे लिहिताना पेन जड झालंय. पण दोरीचं साहेब म्हणाले नव्हते. ते मी म्हणाले होते. टाळ्या मिळाव्यात म्हणून म्हणाले होते, दुसरं काही नाही.

१ सप्टेंबर

मीराबाई मंगळीला घेऊन आली. दोरी स्वतःच्याच हाताला गुंडाळलेली.

"इले ठेवून घ्या, बाई."

मी म्हटलं, मी साहेबांकडे जाते, कुत्री सोडून ठेवायची परवानगी आणते, चूक माझी आहे. म्हातारीने मान हलवली. तिने सगळा विचार करूनच पाय उचलला होता.

"सोडलं तरी बिबट येते आता. शेऱ्याची चव लागली त्याले. घरात घेतली तं घरात येईन. माह्या शेडले दार नाई, ताडपत्री आहे. ताडपत्रीजवळ आयुष झोपते." आयुष तिचा नातू, पहिलीत आहे.

"बरं, इथे राहू द्या. तुम्ही येत जा रोज, घास घेऊन."

"नाई. मी आता येत नाई. माहा हात दिसला तं ते तुमचा हात धरनार नाई. उपाशी मरन."

मंगळीला आत बांधलं नाही, फक्त फाटक लावलं. मीराबाई एकदाही मागे न बघता गेली. जे लोक कुत्री टाकून गेले त्यांच्यावर मी या वहीत पानंच्या पानं हसले आहे. आज पोषण आहाराच्या गोण्यांमागे जाऊन रडले. रंभा लेकरांना मोठ्याने गाणं म्हणायला लावत राहिली, माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. भली बाई आहे.

४ सप्टेंबर

खात नाही. फाटकाकडे तोंड करून पडलेली असते. भात ठेवला, कय्यूमभाऊने कलेजी पाठवली तीही ठेवली. मुंग्यांची चंगळ.

७ सप्टेंबर

आज मंगळीने माझ्या हातचा भात खाल्ला. सगळा.

मान वर केली तर रस्त्यापलीकडच्या बाभळीआड मीराबाई उभी होती. वारा आमच्याकडून तिच्याकडे जात होता, म्हणून मंगळीला वास लागला नाही. रानातली बाई, वारा बघूनच उभी राहिली असणार. परात रिकामी झाली तशी ती माळाच्या वाटेला लागली. मी हाक मारली नाही.

नंतर बाभळीपाशी जाऊन पाहिलं. तिथलं गवत पार बसलं होतं. ती रोज येत होती.