सह्यांच्या वरची कोरी जागा

प्रिय एवारिस्तो,

आधी माफी माग म्हणतात, मग बाकीचं बोल. तर मागतो. तुला किनाऱ्यावर लेकाकडे जाऊन दोन वेळा बटाटे निघाले आणि माझ्याकडून एक ओळ गेली नाही. दर शनिवारी ट्रक खाली उतरतो, ड्रायव्हर ओरडतो, "मेलितोनकाका, शहरात काही द्यायचंय का?" आणि मी म्हणतो, पुढच्या खेपेला. माझी बायको फाउस्ता म्हणते, "पत्र लिहितोयस की अंडं उबवतोयस? कोंबडीसुद्धा एकवीस दिवसांत उठते." तिला काय सांगू? अक्षर तुला ठाऊकच आहे, चढावरच्या म्हाताऱ्या शेळीसारखं, दोन पावलं टाकून थांबणारं. तिसरीनंतर मास्तर डोंगर उतरून गेले ते आलेच नाहीत, त्यात माझा काय दोष? वाचताना तुलाही दम लागला तर थांबत थांबत वाच.

हे मी तळ्याकाठी बसून लिहितोय. आता सारं गाव पाळीपाळीनं वायलाकोचा तळ्याची राखण करतं, दोन दोन घरं, दोन दोन दिवस. आज आमच्या घराची पाळी. भर दुपार आहे, पण धुकं असं उतरलंय की पाणी दिसत नाही, नुसतं काठाशी हळूच चाटल्यासारखं ऐकू येतं. अशा वेळी मला वाटतं की तळं उठून माझ्या शेजारी येऊन बसलंय आणि मी काय लिहितो ते बघतंय. कागद अंगावरच्या लोकरी पोंचोच्या आत धरून लिहितोय, तरी दमट होतोय. शाई फुटली तर? आणि घरी चुलीतला निखारा फाउस्तानं नीट झाकला असेल ना? वारा आज पश्चिमेचा आहे. असो.

मघाशी डोळा लागला होता. स्वप्नात तळं डोंगर उतरून गावात आलं. पूर नव्हता रे, अगदी हळू, एखादी विधवा मीठ मागायला यावी तसं. एकेका दाराशी उभं राहायचं, आतून कुणी तरी "कोण?" म्हणायचं आणि ते काही न बोलता पुढच्या दाराशी जायचं. माझ्या दाराशी आलं तेव्हा मी आत खाटेखाली लपलो होतो. या वयात खाटेखाली! जागा झालो तर गुडघे खरोखरच दुखत होते.

तू गेल्यावर खाणवाल्या कंपनीची यंत्रं वर चढली ते तुला कुणी तरी कळवलं असेल. उतारावर त्यांनी सात भोकं पाडली. त्यानंतर चार महिन्यांत खालच्या झऱ्याचं पाणी गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं झालं. मेंढ्या तोंड लावतात आणि मान फिरवतात. मेंढीला कुणी शिकवलं नाही, तिला कागद वाचता येत नाही, पण ती मान फिरवते. पुढची भोकं तळ्याच्या अगदी कडेला पाडायची आहेत. सातुर्निनानं, तीच आपली वरच्या आळीची, नवऱ्यामागे नऊ मेंढ्या आणि एक जीभ एवढ्यावर जगणारी, बायका गोळा केल्या आणि वाटेवर बसल्या. पुरुष मागून आले, नेहमीसारखे. तेव्हापासून यंत्रं थांबली आहेत, पण थांबली म्हणजे गेली नाहीत. त्यांच्या हातात तो कागद आहे ना, आपल्या गावच्या ठरावाच्या पुस्तकातलं पान. गावानं संमती दिली असं त्यावर लिहिलंय आणि खाली एकसष्ट सह्या आणि अंगठे, पहिली सही तुझी.

मृतांच्या सणानंतरच्या पहिल्या मंगळवारी सरकारी माणसं गावात येणार आहेत, सगळ्यांसमोर चौकशी करायला. पान खरं ठरलं तर तळं गेलं. खोटं ठरलं तर यंत्रं परत. एवढंच आहे, एवारिस्तो, आणि एवढंच पुरे आहे मला झोप न यायला.

  यंदा ऑगस्टात पाटाची सफाई झाली. टोपीत फुलं खोवून सगळे गेले, फावडी, कुदळी, मक्याच्या दारूच्या घागरी. माती काढताना पोरींनी तीच जुनी गाणी म्हटली. मग तळ्याचं दार उघडलं. पाणी पाटात उतरताना थोडं थबकतं बघ, वाट विसरल्यासारखं, आणि मग वास लागलेल्या कुत्र्यासारखं धावत सुटतं. त्याच्यापुढे गावप्रमुखानं काठी घेऊन चालायचं असतं. तुझ्या जागी नवा प्रमुख निवडलाय, आन्सेल्मोचा मोठा मुलगा, चांगला आहे, पण तो चालेना. म्हणाला, "ही जागा माझी नाही." मग सगळे पाण्याच्या मागून चालले आणि पुढे कुणीच नव्हतं. पाणी एकटंच पुढे. मी पाहिलं, ज्यांनी तुझ्याकडे पाठ फिरवली होती त्यांच्याच माना खाली होत्या.

याचं कारण सातुर्निना. ती त्या पानाची नक्कल घेऊन घरोघर फिरली. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं कुणाला तारीख विचारलीच नाही. तिनं विचारलं, "हा अंगठा उठवलास त्या दिवशी काय जेवला होतास?" लोक हसले. पण तारीख कुणाला आठवत नाही, जेवण सगळ्यांना आठवतं. एकेक जण म्हणाला, मातीखाली दगडांत भाजलेली मेंढी, वालाच्या शेंगा आणि गोड रताळी. ओनोराता म्हातारी म्हणाली, "मला पायाचा तुकडा दिला होता, सगळं हाडच. त्या इंजिनिअरला म्हटलं, बाबा, माझे दात बघ आणि मग वाढ!" म्हणजे तो ठरावाचा दिवस नव्हताच. कंपनीच्या लोकांनी गावाला जेवण दिलं तो दिवस होता. आणि आपली रीत अशी की चार माणसं जमली की पुस्तक निघतं, हजेरी म्हणून, आभार म्हणून. जेवून सही न करता उठणं म्हणजे उष्ट्या हातानं पळून जाणं.

तू सोडून बाकीच्या साठ जणांनी सांगितलं की आम्ही सह्या केल्या तेव्हा पान कोरं होतं. सातुर्निना म्हणाली, "कोरंच असणार, नेहमीच असतं." खरं आहे. माझ्यामुळे. मी लिहायला दोन दिवस लावतो, लोकांना गुरांकडे जायचं असतं, म्हणून वीस वर्षं आपलं असंच चाललंय. आधी सह्या खाली, वर जागा सोडायची, आणि मजकूर मेलितोन मग सावकाश लिहील. कुणाला वावगं वाटलं नाही. मला तर त्याचा अभिमान होता. सबंध गाव माझ्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवतं!

पण आता सातुर्निनाला एकच गाठ सुटत नाही. ते लिखाण माझ्या अक्षरातलं नाही, हे सगळ्यांना दिसतं. कुणी तरी गमतीनं म्हणालं होतं, "यातली शेळी तर घोड्यासारखी धावतेय." मग पुस्तक त्यांच्या हातात गेलं कसं? पुस्तकाची पेटी तुझ्या घरी, किल्ली तुझ्याकडे, आणि मी लिहायला तुझ्याच घरी बसतो असं गाव धरून आहे. ते पान बाहेर आलं त्या सभेत हाच प्रश्न झाला होता, आठवतं ना? आठवतं ना, असं काय विचारतोय मी. लोक ओरडत होते, "किती घेतलेस सांग!" फेलिसियानोनं तुझ्या पायाशी माती फेकली. तू सगळ्यांवरून नजर फिरवलीस आणि ती माझ्यावर थांबली. फार नाही, एक जांभई पुरी होईल इतका वेळ. मग म्हणालास, "पुस्तक माझ्या ताब्यात असतं. जबाबदारी माझी." टोपी काढलीस, काठी भिंतीला टेकवलीस आणि बाहेर पडलास. मी दाराजवळच होतो. तुझा पोंचो माझ्या हाताला घासून गेला.

तू का बोलला नाहीस, यावर मी दोन वर्षं विचार केला. फाउस्ता काही जाणत नाही, तरी एकदा म्हणाली, "एवारिस्तो कुणाची तरी वाट बघत होता असं वाटलं." मी उठून मेंढ्यांकडे गेलो.

आता लिहितो. थांबलो तर पुन्हा शनिवार निघून जाईल. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या घरी होतं, हे तुला माहीत होतं आणि मला, बाकी कुणालाच नाही. फाउस्ता मेंढ्या घेऊन वर गेली होती, मी अंगणात लिहायला बसलो होतो. कंपनीचा तो कारकून आला, गोरा, नम्र, टोपी हातात घेतलेला. माझी अर्धी ओळ झाली होती. म्हणाला, "काका, दमलात. द्या इकडे, तुम्ही सांगा, मी लिहितो." मला माझ्या अक्षराची लाज वाटली रे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेला माणूस माझ्या बाकावर बसला होता. ती अर्धी ओळ त्यानंच सफाईनं खरवडून काढली. मी सांगितलं, जेवणाबद्दल आभार लिहा आणि रस्ता दुरुस्त करू म्हणालात तेही लिहा. त्यानं भराभर लिहिलं आणि स्पॅनिशमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. बाजारापुरती येते मला ती भाषा. त्यात लांबलांब शब्द होते, मला कळले नाहीत, आणि विचारायची लाज वाटली म्हणून मी मान डोलावत राहिलो. त्या पानासाठी तुला कुणी विकत घेतलं नव्हतं. मला तर घ्यावंही लागलं नाही, मी नुसती मान डोलावली. मंगळवारी हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. माती फेकायची तर माझ्यावर फेकू देत. पण ज्यांनी तुझ्याकडे पाठ फिरवली त्यांनी हे ऐकताना तू समोर बसलेला असावास, म्हणून हे पत्र. माझ्या बाजूनं बोलायला येऊ नकोस. मला माफ करायलाही येऊ नकोस, ते तुझं तू ठरव. नुसता ये आणि बस. ट्रक शनिवारी तिकडे पोचतो आणि रविवारी परत निघतो. ड्रायव्हरला तोंडी सांगितलंस तरी चालेल, येतो किंवा येत नाही. पण काही तरी सांग, लवकर सांग, रविवारी मी रस्त्यावर उभा असेन.

तुझाच,
मेलितोन