एक बोट जास्तीची काच

८ जुलै, मंगळवार

जीप गॅरेजमधून आली. ब्रेक, बॅटरी, ऑइल सगळं नवं. जीप चौऱ्याण्णवची असली तरी मालक जागरूक असला की वस्तू म्हातारी होत नाही.

एकोणतीसला पंचमी. त्रिवेणीची लग्नानंतरची पहिली. तिला भाऊ नाही, म्हणून मुऱ्हाळी मीच. पोखर्णीला जाऊन लेकीला वालूरला माहेरी घेऊन यायचं, आणि तेही स्वतःच्या जीपमधून. जावयाची गाडी कोरी आहे. असू दे.

संध्याकाळी जीपची पूजा केली. विभूती लावली. बायको सिद्धम्मा म्हणाली, नारळ खाली दगडावर फोडा. बायकांना जीपमधलं कळत नाही. मी पुढच्या लोखंडी बंपरवर फोडला. एका दणक्यात फुटला. एक भकल उडून समोरच्या काचेला लागलं. काच किंचित तडकली. नारळ मात्र गोड निघाला.

९ जुलै, बुधवार

तडा वीतभर आहे. त्रिवेणीची नेलपॉलिश कपाटात सापडली, तिचा ठिपका तड्याच्या टोकाला दिला. पुढे सरकला तर लगेच कळेल. शास्त्रशुद्ध पद्धत.

११ जुलै, शुक्रवार

ठिपक्याच्या पुढे दोन बोटं. दुसरा ठिपका दिला.

१३ जुलै, रविवार

पाचवा ठिपका. नेलपॉलिश संपत आली.

१४ जुलै, सोमवार

मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. काच जोडायचा गोंद मिळतो, तडा दिसेनासा होतो म्हणे. लावला. तडा दिसतो, शिवाय बशीएवढा पांढरा डाग दिसतो. डाग नेमका ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. त्यावर विभूतीच्या तीन पट्ट्यांचा मोठा स्टिकर लावला. आता मान डावीकडे कलती ठेवली की रस्ता व्यवस्थित दिसतो.

सिद्धम्मा म्हणाली, नवी काच बसवा. मी हा विचार आधीच केला होता.

१६ जुलै, बुधवार

लिंबाजीकडे गेलो. फोटोच्या फ्रेमा, आरसे, ट्रॅक्टरच्या काचा, सगळं करतो. म्हणाला, या जीपची काच सपाट असती, परभणीहून मोठा तुकडा मागवतो अन् मापानं कापून देतो, माप घ्यायला मीच येतो घरी. मी म्हणालो, काही गरज नाही. एकतीस वर्षं कापडाचं दुकान चालवतो. मला माप शिकवणारा अजून जन्माला यायचाय. लिंबाजी पुन्हा आरसा पुसायला लागला. माणूस बरा आहे, फक्त स्वतःला फार समजतो.

१७ जुलै, गुरुवार

दुकानातल्या लोखंडी मीटरनं माप घेतलं. लांबी, रुंदी. आमच्या दुकानाच्या रिवाजाप्रमाणे चारही बाजूंना एक-एक बोट जास्त धरलं. आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे. कमी पडलं म्हणून एक गिऱ्हाईक आजवर परत आलेलं नाही. चिठ्ठी लिंबाजीकडे पोचती केली. त्यानं विचारलं, हे मोजून पक्कं हाय ना मालक. मी नुसता हसलो.

२० जुलै, रविवार

त्रिवेणीचा फोन. अण्णा, कधी येताय? सांगितलं, पंचवीसला सकाळी दारात. जावई बसवेश्वर फोनवर आले. मामा, आमी आणून सोडतो की, तुमी कशाला तकलीफ घ्यायलाय. चांगला मुलगा आहे, पण रीत कळत नाही. मुऱ्हाळ्याशिवाय लेक कशी येईल? लोक म्हणतील, बापाला न्यायला सवड नाही.

सिद्धम्मा म्हणाली, मग बसनं जा की, लेकीला घेऊन बसनंच या. लग्नात सगळ्या पोखर्णीसमोर मी सांगितलं होतं, पंचमीला जीपनंच न्यायला येईन. आता बसमधून उतरलो तर काय दिसेल?

२४ जुलै, गुरुवार

काच परभणीहून आली, कापून तयार. पण आज अमावस्या. काचेसारखी वस्तू अमावस्येला घरात आणत नाहीत. लिंबाजी म्हणाला, न्हेता का न्हाई? अमावस्येची सावली दुसऱ्या दिवशीही राहते, म्हणून परवा नेतो म्हणालो. त्रिवेणीला फोन करून शनिवार सांगितला. ठीक हाय म्हणाली.

२६ जुलै, शनिवार

काच आणली. स्वच्छ, चकचकीत. त्यात मी दिसतो.

आधी जुनी काढली. रबराच्या पट्टीत घट्ट बसलेली होती. बाहेरून ढकलल्यावर तीन तुकडे झाले. एका अर्थी बरंच झालं, आता मागे फिरायची सोय नाही. नवी उद्या सकाळी बसवू, थंड वेळेला. फोन करून रविवार सांगितला. त्रिवेणी म्हणाली, सासूबाईंना सांगते.

२७ जुलै, रविवार

सकाळी सात. काच बसत नाही.

सकाळी नऊ. रबर पावसानं फुगलं असणार.

सकाळी अकरा. साबणाचं पाणी लावलं. खाचेत सुतळी घातली आणि आतून ओढली. हीच खरी पद्धत आहे. सुतळी तुटली.

दुपारी तीन. मीटरनं मोजलं. चारही बाजूंना बरोबर एक बोट जास्त. म्हणजे माझं माप अगदी अचूक होतं. कापड आटतं म्हणून आपण बोटभर जास्त देतो. काच आटत नाही, हे खरं आहे, पण ते सांगायचं काम लिंबाजीचं होतं.

संध्याकाळी फोन केला. सोमवार म्हणालो. त्रिवेणी म्हणाली, बरं अण्णा. मागून कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. टीव्ही असेल.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. उपवास. चौकटच थोडी मोठी करून घ्यावी असं ठरवलं. कानस घेऊन बसलो. दोन तासांत चौकटीचा रंग गेला आणि माझ्या अंगठ्याचं कातडं.

दुपारी लिंबाजी स्वतःहून आला. म्हणाला, आणा मालक, चारी बाजूनं कापून देतो, दहा मिनिटाचं काम हाय. एवढं सरळ बोलतो की राग येतो. दहा मिनिटांचं काम, असं सगळ्या गल्लीसमोर कशाला बोलायचं? मी म्हणालो, उद्या आणतो. आज रबर उन्हात ठेवलंय, ताणून बघतो. तो म्हणाला, उद्या पंचमी हाय. मी म्हणालो, मला माहीत आहे पंचमी आहे.

ऊन पडलंच नाही.

त्रिवेणीचा फोन. एवढंच विचारलं की मेंदी तिकडं काढू का हिकडंच काढून घेऊ. तिकडं मैत्रिणी वाट बघायल्यात म्हणे. मी म्हणालो, इकडे वालूरलाच काढ, उद्या सकाळी आठला मी दारात. सिद्धम्मा बाजूला उभी होती. तिनं फोन घेतला नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

सकाळी साडेसहाला काच खांद्यावर घेऊन लिंबाजीच्या दारात गेलो. लिंबाजी अंघोळ करून वारुळाला निघाला होता. म्हणाला, मालक, आज काही कापत न्हाईत. घरात भाजी चिरली न्हाई, तवा ठिवला न्हाई, अन् मी काचेवर हिरा फिरवू? मी म्हणालो, काच म्हणजे काही नागोबा नाही. तो म्हणाला, ते खरं हाय, पण मी न्हाई फिरवत.

एका अर्थी त्याचं बरोबर आहे. मीही दुकानात आज कात्री हातात धरत नाही. तीस-एकतीस वर्षांत पंचमीला एक वीत कापड कापलेलं नाही. हे मला सोमवारी आठवायला हवं होतं. आठवलंही होतं, पण लिंबाजीनं सांगितल्यावर आठवलं, म्हणून मी मान्य केलं नाही.

नऊ वाजता सिद्धम्मा म्हणाली, दहाची बस हाय. मी म्हणालो, मार्ग काढतोय. बारा वाजता पुरणाची दिंडं उकडून झाली. पारावर झोका बांधलेला, गावात आलेल्या सगळ्या लेकी झोक्यावर. त्यातल्या एकीनं विचारलं, काका, त्रिवेणी आली का? निघाली आहे म्हणालो.

दुपारी फोन वाजला. मी दुकानात होतो. दुकान बंद होतं, तरी दुकानात होतो. सिद्धम्मानं उचलला. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

३० जुलै, बुधवार

या जीपची काचेची चौकट दोन बोल्ट काढले की पुढे बॉनेटवर आडवी होते. ही सोय मूळ कंपनीनंच दिलेली आहे. म्हणजे काचेशिवायही गाडी चालते. हे आधी सुचलं असतं तर, पण सुचलं आज.

डोक्याला टॉवेल, डोळ्यांना शेतातला फवारणीचा चष्मा. निघालो. परभणीच्या अलीकडे पाऊस लागला. चष्म्याला वायपर नसतो. चौकातल्या हवालदारानं बघितलं आणि दुसरीकडे पाहिलं. डासासारखं काहीतरी दोनदा गिळलं, उपवास नव्हता म्हणून चाललं. पावणेतीन तासांत पोखर्णी. तशी गाडी चांगली पळाली.

विहीणबाईंनी अंग पुसायला कोरडा टॉवेल दिला. चहा दिला. जावई जीपकडे बघत होते, मी म्हणालो, नवं मॉडेल आहे, उघडं. हसले नाहीत.

त्रिवेणी बाहेर आली. हाताला मेंदी नव्हती. विहीणबाई म्हणाल्या, पोरगी रोज सांगायची, अण्णा निघालेत, अर्ध्या वाटंत असतील. शनवारपासून बॅग दाराशी होती. काल संध्याकाळी तिनंच आत न्हेली.

मी त्रिवेणीला म्हणालो, चल. ती म्हणाली, आता पंचमी झाली अण्णा, आता येऊन काय करू? म्हालक्ष्म्यांच्या सणाला येते. मी म्हणालो, तेव्हा तर काच बसलेली असेल, मी न्यायला येतो. ती म्हणाली, नका येऊ. मी बसनं येते, माझी मी.

रागावली नव्हती. मला दूध-भात वाढला, ताटात तूप जास्त घातलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

३१ जुलै, गुरुवार

काल संध्याकाळी एकटाच परत आलो. सिद्धम्मा दारात उभी होती. जीपकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. मी म्हणालो, जीप छान चालली, कुठं बंद पडली नाही. ती आत गेली.

आज सकाळी लिंबाजी आला, काच घेऊन गेला. दहा मिनिटांत चारही बाजूंनी एक-एक बोट काढून परत आणली. रबरात बरोबर बसली. म्हणाला, बघा मालक, पाण्यासारखी दिसती. सिद्धम्मा उंबऱ्यावर बसून बघत होती. म्हणाली, आता जीप न्हेता येईल, कुटंबी जाता येईल.

मी म्हणालो, हो. आता काही घाई नाही.