अक्काचा गळा

६ जानेवारी, मंगळवार
बीडला जाऊन आलो. अक्काच्या गळ्यातली गाठ काढावीच लागणार. डॉ. म्हणाले, आवाजाची नस अगदी चिकटून आहे, जपू, पण खात्री देत नाही. जागा तरी कुठली, तर गळा! पाटोद्याच्या आमच्या चर्चचं सगळं गाणं म्हणजे माझी ही थोरली बहीण. पेटी तिची, आवाज तिचा. बाकीचे आम्ही मागून ओठ हलवणारे.
मांजरसुंब्याला चहाला थांबलो. माझा चहा तसाच गार झाला. अक्का निवांत भजी खात बसली. म्हणाली, "काहून तोंड पाडून बसलास? ज्यानं गळा केला त्याला त्यातलं कळत न्हाई व्हय?"

९ जाने., शुक्रवार
घरी प्रार्थना ठेवली. पाळकसाहेब आले, मंडळी आली. आमच्यात प्रार्थना म्हणजे देवाला सगळी माहिती पुरवायची. मीही डोळे मिटून सुरू झालो. प्रभू, बीडचा दवाखाना, बसस्टँडच्या मागचा, दुसरा मजला, डॉक्टरांचा हात धर, नस डाव्या बाजूला आहे... आमेन झालं आणि अक्का हसायलाच लागली. "आरं, देवाला आपरेशन शिकवायलास का?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून चिडलो. नस डावीकडेच आहे. सांगितलं तर बिघडलं कुठं?

११ जाने., रविवार
संध्याकाळी शेजारचा किराणावाला शिवाप्पा दुकान सोडून आला. "सकाळी अक्काची पेटी ऐकल्याबिगर माजं शटर वर जात न्हाई," म्हणाला. अक्कानं त्याच्यासाठी एक भजन म्हटलं. पूर्ण. मी आतल्या खोलीत गेलो. ऐकवेना.

१३ जाने., मंगळवार
ऑपरेशन झालं. आत नेताना तीच माझी समजूत घालत होती. "आवाज त्याचाच हाय. परत मागितला तर भांडू का त्याच्यासंगं?"
ती नाही भांडली. मी भांडलो. दाराबाहेर बसून, मनातल्या मनात, जे तोंडाला येईल ते.

१९ जाने., सोमवार
दवाखान्यात जाऊन रिपोर्ट घेतला, गाठ साधी निघाली. देवाचे उपकार. माझी बायको, शोभा, तिथंच रडली.
पण आवाज नाही. तोंड उघडलं की नुसती हवा. डॉ. म्हणतात, येईल कदाचित, वाट बघा. अक्का त्या हवेतच म्हणते, "बरं हाय की." काय बरं आहे? मला नाही जमत असं. तिचं लई कौतुक वाटतं, आणि खरं सांगायचं तर हेवाही.

२५ जाने., रविवार
अक्का आज चर्चमध्ये पेटीवर बसलीच. गळ्याला रुमाल. सूर दिला आणि थांबली. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो, कारण सुरुवात कायम तिनंच करायची. पाळकसाहेबही खाली बघायला लागले.
मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी उचललं. बारीक, थोडा कापरा आवाज, पण सुरात. वळून बघतो तर शोभा. माझी शोभा! लग्नाला एवढी वर्षं झाली, तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं. कळणार तरी कसं? अक्काच्या आवाजाखाली आम्ही सगळेच झाकलेले. मागोमाग म्हातारी माणसं, पोरीबाळी, एकेक करत सगळे. मीसुद्धा, बेसूर.
अक्का पेटी वाजवत डोळे मिटून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला बघवेना.
घरी येताना शोभा म्हणाली, "मी न्हाई गाणार पुन्हा. अक्काची जागा हाय ती."
देवा, तुझं चुकत नाही, आज कबूल करतो. यासाठीच केलंस का, तेही विचारत नाही. पण शोभाला गप्प बसू देऊ नकोस. आणि अक्काचा आवाज तेवढा परत दे.