साडेचार मीटरचा पूल

३ मार्च, सोमवार
आराखडा मंजूर! विभागाचा मालवाहतूक आराखडा. पानं दोनशे बारा, नकाशे एकोणीस, लेखक मी. दवाखान्यासमोरून रोज घरघरत जाणारे चारशे ट्रक आता रेल्वेच्या जुन्या पुलाखालच्या रस्त्याने जाणार. सभेत पाऊण तास बोललो. म्हणालो, माणूस घराबाहेर पडला की तुम्ही त्याला प्रवासी म्हणता, आणि त्याच्या ताटातला गहू बाहेर पडला की त्याला अडथळा म्हणता! टाळ्या. त्या भरात तोंडातून निघून गेलं की पहिल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी मी स्वतः बसेन. आणखी टाळ्या. आमच्या कार्यालयप्रमुख, मोठ्या बाई, त्यांनी लगेच तारीख टिपून घेतली. एकोणीस.
संकल्प: आजपासून रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं.

५ मार्च, बुधवार
ऑफिसखालच्या टपरीवर रोलरवाला भेटला. त्या पुलाखाली त्याने तीनदा डांबर घातलंय म्हणे. विचारलं, जुनं उकरून ना? हसला. म्हणाला, उकरत कोण बसतंय साहेब, वरच्यावर घालायचं, रस्ता आपला चढत जातो. पूल काही त्याच्याबरोबर चढत नाही, असंही वर म्हणाला. विनोदी माणूस. चहा अर्धा टाकून आलो.

५ मार्च, दुपारी
फाईल पाहिली. पुलाची उंची साडेचार मीटर. सर्वांत उंच कंटेनर चार मीटर वीस. म्हणजे तीस सेंटिमीटर मोकळे. निश्चिंत झालो. मग मोजणीचं साल वाचलं. तेव्हा मी तिसरीत होतो.
खाली शेरा: 'प्रत्यक्ष पाहणी केली.' सही माझी. केलीच आहे पाहणी. बसच्या खिडकीतून. बस थांबली नव्हती, इतकंच.
उद्या टेप घेऊन जातो. दहा मिनिटांचं काम.

८ मार्च, शनिवार
गेलो नाही. घरातली टेप तीन मीटरची निघाली. अपुऱ्या साधनांनी केलेलं मोजमाप हे अज्ञानापेक्षा वाईट, हे मी अनेक व्याख्यानांत सांगितलं आहे.
वाहनगणनेचे तक्ते पुन्हा पाहिले. या रस्त्यावर चार दिवसांत एकही जड वाहन नाही. म्हणून तर निवडला! इतका मोकळा रस्ता अख्ख्या विभागात नाही. आज प्रथमच मनात आलं, मोकळा का आहे? प्रश्न आला तसा दाराबाहेर घालवला. पण उंबऱ्यावरच बसून आहे.

१० मार्च, सोमवार
पाच मीटरची टेप आणली. पुलापर्यंत गेलो. पलीकडे आमच्याच ऑफिसची जीप. मोजताना कुणी पाहिलं, तर आधी मोजलं नव्हतं हे उघड होईल. टेप खिशात, हात टेपवर, तसाच माघारी. याला भित्रेपणा म्हणत नाहीत. कार्यालयाची अब्रू सांभाळणं म्हणतात.
पूल मात्र नजरेला बुटका वाटला. लांबून सगळंच बुटकं दिसतं.

१३ मार्च, गुरुवार
टेपचा सराव करतो आहे. स्वयंपाकघराचं दार एक मीटर शहाण्णव. कपाट दोन मीटर दहा. बायको मागून गेली तेवढ्यात तीही मोजली. ती म्हणाली, माझी उंची लग्नाआधी सांगितली होती, तेव्हा विश्वास ठेवलात ना? मग आता काय झालं? काही नाही म्हणालो. ती टेपकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, अहो, तुम्ही घरातल्या दारातून वाकून का जाता?
वाकतो का मी?

१५ मार्च, शनिवार
वाकतो.
दुपारी मोठ्या बाईंचा फोन. ट्रक बावीस असतील, पहिला सर्वांत उंच कंटेनर. त्यांची गाडी शेवटी. उंचीचं सगळं पाहिलंय ना, असं त्यांनी सहज विचारलं. तेव्हाच बोलायचं होतं. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी, 'हो' म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर कळलं की खुर्चीत इतका खाली सरकलो होतो की डोकं टेबलाखाली होतं.
उद्या रविवार. रस्त्यावर कुणी नसेल. उद्या नक्की.

१६ मार्च, रविवार
भाषण लिहिलं. 'माल चालतो तेव्हा मुलूख चालतो.' उत्तम वाक्य. टेप खुंटीवर.

१७ मार्च, सोमवार
मेहुण्याचा फोन. बायकोचा धाकटा भाऊ, कंटेनर चालवतो. म्हणाला, दाजी, पहिल्या नंबरला माझी गाडी लावून घेतलीय, तुम्हाला परक्याच्या शेजारी कशाला बसवायचं? आता दोन जीव, त्यातला एक बायकोच्या माहेरचा! त्याला नको म्हणालो. का, म्हणाला. म्हणालो, तुला त्रास. तो म्हणाला, छे छे, बुधवारी भेटू, नीट जेवून या.
नीट जेवून या, हे तो का म्हणाला?

१८ मार्च, मंगळवार
मोठ्या बाईंना चिठ्ठी लिहिली: 'पूल मोजलेला नाही.' तीनच शब्द. इतकं नेमकं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत नेली. आत हशा चालला होता. चांगल्या मूडवर विरजण कशाला, म्हणून परत आणली. चिठ्ठी या वहीत आहे.

१९ मार्च, बुधवार
खरं तेच लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो.
भाषण झालं. ट्रकच्या केबिनमध्ये मेहुण्याशेजारी चढलो. मागे एकवीस ट्रक. पूल समोरून मोठा होत गेला आणि त्याखालची जागा लहान. ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही. डोळे मिटले, मान खांद्यांत घातली. ब्रेक लागला. ट्रक पुलाच्या बराच अलीकडे उभा होता.
मेहुणा उतरला. गाडीच्या कडेला बांधलेला बांबू सोडला. गाडीच्या उंचीएवढाच कापलेला असतो म्हणे, प्रत्येकाकडे असतो. पुलाखाली नेऊन उभा करू लागला. उभा राहीना. तिरका करावा लागला. मागचे ड्रायव्हर उतरून बघत होते, कुणालाही नवल वाटलं नाही. एक म्हणाला, म्हणून तर आम्ही कोणी इकडे फिरकत नाही.
मेहुण्याला विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीस? म्हणाला, विचारलंत कधी? तुम्ही भाषणात होता. मी म्हणालो, मग आलास कशाला? तेव्हा खाली बघून म्हणाला, ताईचा फोन आला होता. यांनी घरातलं सगळं मोजलं, फक्त पूल राहिलाय, म्हणाली. पहिली गाडी तूच घे, आणि लांबच थांबव.
बावीस ट्रक उलटे न्यायचे होते. वळायला जागा नाही, मोठ्या बाईंची गाडी सर्वांत मागे. मेहुणा म्हणाला, दाजी, तुमचा आवाज मोठा आहे. दोन तास रस्त्यावर उभा राहून ओरडलो: येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे, बस्स! शेवटी मोठ्या बाईंसमोर पोचलो. चिठ्ठी खिशात नव्हती. तेच तीन शब्द तोंडाने सांगितले. त्यांनी काच वर केली.

२२ मार्च, शनिवार
ट्रक पुन्हा दवाखान्यासमोरून. आराखडा परत आला, त्यावर शेरा: 'मोजून आणा.'
पूल मोजला. चार मीटर अकरा. टेपचं टोक बांबूला बांधून बायकोने वर टेकवलं. मी वाकून खालचं टोक धरलं होतं.