बाबांसाठी डबा आणू नकोस

आई,

बाबांना घेऊन परत हॉस्पिटलात चाललेय. सकाळी दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढला ना, त्यानंतर घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. त्यातला स्वादुपिंडाचा आकडा खूप चढलाय. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, स्वादुपिंड सुजायची लक्षणं आहेत, दुखायची वाट बघू नका, लगेच आणा.

बाबांचं आपलं चालूच, "मला काही होत नाही, उगाच नाचू नकोस." पण केव्हाचे शीळ घालतायत गं! आठवतं? मी लहान असताना शिडीवरून पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. तरी दुसऱ्या हाताने मला कडेवर घेऊन शीळ घालत दवाखान्यात गेले. मी वेडी टाळ्या वाजवत होते. किती मस्त वाटलं होतं तेव्हा. आज तीच चाल आहे, आणि मला ऐकवत नाहीये.

ते तुला गुपचूप फोन करतील, डबा आण म्हणून. विरघळू नकोस. पाणीसुद्धा बंद केलंय.

लहानपणी घाबरून शाळेतून पळाले होते, तशी हॉस्पिटलातून पळणार नाही मी. पण तू लवकर ये.