रंगरावांचा उताणा तळवा

नवी पेठ, पुणे
(दाराला आतून कडी लावून)

आदरणीय ललिताआत्या,

सविनय जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं असताना तुम्ही गच्चीवर पापड घालायला गेलात, हे आईकडून कळलं. मी बरा आहे, म्हणजे ताप वगैरे काही नाही. जेवण जातं, झोपही लागते, फक्त दचकून जाग येते. मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर "काहून रे पोट्ट्या, दातखीळ बसली का?" म्हणून ओरडलात (एस.टी.त जन्मभर कंडक्टरकी केल्यावर आवाज असाच राहणार, माझी तक्रार नाही), तेव्हा मी बोलतच होतो, आत्या. पण अभ्यासिकेच्या नोकरीत माझा आवाज कायमचा बसला आहे. कुजबुजीच्या वर तो चढतच नाही. म्हणून हे पत्र.

अभ्यासिका म्हणजे स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून गप्प बसतात ती जागा. मीही आधी पैसे भरून गप्प बसायचो. परीक्षेत दोनदा आपटल्यावर मालक रंगराव यांनी मला देखरेखीला ठेवलं, तेव्हापासून मी पगारावर गप्प बसू लागलो. त्यांनी दारावर पाटी लावली आहे, "बोलायचे असल्यास घरी जावे. घर लांब असल्यास लवकर निघावे." हा नियम ते स्वतःही पाळतात, त्यामुळे आमचा सगळा कारभार खुणांवर. अंगठीने टेबलावर दोनदा टकटक केलं की चहा. ओठांवर बोट, म्हणजे तू गप्प (मी गप्पच असे, तरीही). आणि मागे न बघता उताणा तळवा पुढे आला की त्यांना हवी ती वस्तू त्यावर ठेवायची. बहुतेक वेळा तो चष्मा असे, कारण ते तो कुठेही विसरतात आणि मी तो शोधून, शर्टाला पुसून, खिशात तयार ठेवत असे. माझी नेमणूकसुद्धा मान डोलावून झाली. कागद नाही, सही नाही, पगार रोख.

पुढे पगार मागितला की उभा तळवा दिसू लागला, म्हणजे थांब. मी थांबलो. सात महिने थांबलो. मग एक दिवस त्यांनी दाराकडे बोट केलं. मला वाटलं, दार लावायला सांगताहेत, म्हणून मी उठून लावलं. त्यांनी पुन्हा बोट केलं. तेव्हा उलगडलं की मी ते बाहेरच्या बाजूने लावायचं आहे.

तुम्ही खोलीच्या भाड्यासाठी पैसे धाडलेत ते याच दिवसांत. तेही आता संपले, आणि पगार आला नाही तर महिनाअखेरीस खोली सोडून, बॅग घेऊन मला परत यावं लागेल. तोंड कुठल्या बाजूला करून यावं ते सुचत नाही. आमच्याच अभ्यासिकेत खिडकीजवळ बसून वकील झालेली शेफाली म्हणाली, कामगार कोर्टात दावा लावू, फी मागाहून बघू. मी नको म्हणालो, पण कुजबुजत म्हणालो असल्यामुळे तिला ऐकू गेलं नसावं.

आत्या, मला फार भीती वाटली हो. पैसे माझे, कष्ट माझे, पण तारीख लागल्यापासून रिक्षावाल्याने नुसतं "येरवडा?" विचारलं तरी हा मला तुरुंगातच न्यायला आलाय असं वाटून मी रस्ता बदले. कोर्टात पोचलो तर रंगराव आधीच बाकावर बसलेले, कडक इस्त्री, हातात छत्री. मला बघून कुजबुजले, "या. आपल्याला वेळ बराच आहे असं दिसतं." मी उभ्या उभ्या त्यांची माफी मागणार होतो. शेफालीने माझी कॉलर धरून मला आत नेलं.

आत मॅडम न्यायाधीश. त्यांनी मला विचारलं, यांच्याकडे काय काम करत होता? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठ्याने बोला. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पंखा बंद करायला लावला, तरी उपयोग झाला नाही. मग रंगराव उठले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात (इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला) म्हणाले, "मी या गृहस्थांना ओळखत नाही. अशी मुलं माझ्याकडे येतात आणि जातात. यांना मी कधी नोकरीवर ठेवलेलंच नाही." शेफालीने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. आता महिनाअखेरीची गाडीच बघायची, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवणार नाही.

तेवढ्यात मॅडमनी रंगरावांना त्यांच्याच जबाबातली एक ओळ वाचायला सांगितली. रंगरावांनी कागद घेतला, डोळे बारीक केले आणि मागे न बघता तळवा उताणा केला.

आत्या, मी काही ठरवून केलं नाही. बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी पडलेला चष्मा, ते विसरणारच म्हणून, मी सवयीने उचलून खिशात टाकला होता. मी दोन पावलं पुढे झालो, चष्मा शर्टाला पुसला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो लावला आणि वाचायला सुरुवातही केली. मग खोलीतली शांतता त्यांच्या लक्षात आली. (शांततेतला फरक आम्हा दोघांना बरोबर कळतो.) त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी लगेच तोंड मिटलं. मॅडमनी हेही पाहिलं.

"ओळखत नाही म्हणालात ना यांना?" मॅडमनी विचारलं. रंगरावांना आयुष्यात प्रथमच एकही खूण सुचेना. शेवटी त्यांनीच तडजोड मागितली. पुढच्या तारखेला सबंध पगाराचा चेक मॅडमच्या समोर माझ्या हातात द्यायचा, असं ठरलं. शेफालीने तिथेच टाळी वाजवली आणि शिपायाची बोलणी खाल्ली. म्हणजे झालं ते चांगलंच झालं. काळजी करू नये. आईला नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक घ्या.

आपला आज्ञाधारक,
प्रज्ञेश

ता.क. काळजी करू नये असं वर लिहिलं, पण ती मला आहे. पुढच्या तारखेला तुम्ही पुण्याला याल का? चेक माझ्या हातात आल्यावर रंगरावांनी तळवा उताणा केला तर मी तो परत त्यांच्या हातावर ठेवीन. माझा मला भरवसा नाही. तुम्ही काही बोलू नका, नुसते माझे दोन्ही हात मागून घट्ट धरून उभ्या राहा. जिना नाही, कोर्ट तळमजल्यावरच आहे.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवतानाच दारावर टकटक झाली. दोनदा, अंगठीची. मी श्वास रोखून बसलो आहे. दार उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. पण आत्या, चहाचं आधण मी केव्हा ठेवलं ते मला आठवत नाही. लवकर या.