दुधाच्या पहिल्या पेल्यातून सूट मिळण्याबाबत

प्रति,
मा. शालेय आहार अधिकारी साहेब,
विभागीय कार्यालय, बेळगाव.

विषय : शाळेतील दुधाचा पहिला पेला पिण्याच्या कामातून सूट मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे आधीचे अर्ज व त्यावर आलेले 'अर्धा पेला प्यावा' हे आपले उत्तर.

महोदय,

१. अर्जदार धर्मराज सत्याप्पा मेत्री हा उचगावजवळच्या वाडीवरील मराठी शाळेत शिक्षक आहे. गतसाली पावडरीचे दूध पिऊन काही मुलांना उलट्या झाल्या. दोष निघाला हंड्याच्या कल्हईचा, पण वाडीने धसका घेतला तो दुधाचा. तेव्हा पंचांनी ठरवले की गुरुजींनी सर्वांदेखत आधी प्यावे, मग मुले पितील. एके काळी ज्या घरांना अर्जदाराच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांनीच मुले त्याच्या भरवशावर सोडली, याचे त्याला फार बरे वाटले होते.

२. पुढे पायांवर सूज आली म्हणून अर्जदार बेळगावच्या खडेबाजारातल्या डॉक्टरांकडे गेला. मूत्रपिंडे थकू लागली आहेत, पण जपल्यास पुष्कळ वर्षे चालतील, असे निदान झाले. अन्नातला फॉस्फरस अशा मूत्रपिंडांना पुरता बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठू लागतो आणि हाडे पोखरतो; तेव्हा दूध, दूधपावडर, शेंगदाणे, सुकी मासळी यांना आवर घाला, असे त्यांनी बजावले. पत्नी अक्काताई हिने त्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी शेजारी देऊन टाकली. आमटी ती पळीने मोजून वाढते. घरात सारे जमले. राहिला तो सरकारी पेला.

३. अर्जदाराने एक दिवस पेला नाकारला. दुपारपर्यंत वाडीभर झाले, "गुरुजीच पिईनात, म्हंजे दुधात कायतरी हाय." दुसऱ्या दिवशी हंडा भरलेला तसाच राहिला. आजाराचे कारण सांगितले, तर पालक मालुबाई म्हणाल्या, "दुधानं कुणाला रोग हुतोय व्हय, गुरुजी? आजाऱ्याला तर दूधच देत्यात." आणि त्यांनी घरच्या म्हशीचे तांब्याभर दूध अर्जदारापुढे ठेवले. सहशिक्षकांनी पिऊन पाहिले. पण ते दर शनिवारी निपाणीला घरी जातात, तिकडे आजारी पडले तर इथे कोणाला कळणार, म्हणून त्यांचे पिणे वाडीला मान्य नाही.

४. आपल्या उत्तराप्रमाणे अर्जदार अर्धा पेला प्याला. मुलांनीही अर्धाच पिऊन उरलेले ओतले. मग त्याने पेला नुसता ओठाला लावण्याचे नाटक सुरू केले. काही दिवसांनी शाळेमागे आंबूस वास येऊ लागला, माश्या घोंगावू लागल्या. मुलेही पेला नुसता ओठालाच लावत होती. यांतल्या कित्येकांना सकाळी घरी कोऱ्या चहापलीकडे काही मिळत नाही. अर्जदाराला स्वतःची लाज वाटली.

५. तेव्हापासून तो पुन्हा पूर्ण पेला पितो. हे कळल्यापासून अक्काताई त्याच्याशी बोलत नाही. तरी साहेबांनी एकदा वाडीवर यावे, मुलांदेखत एक पेला प्यावा आणि गुरुजींनी दूध का पिऊ नये ते चारचौघांत सांगावे. अर्जदाराचे कोणी ऐकत नाही, आपले ऐकतील. लिहून लिहून अर्जदार थकला आहे, म्हणून एवढेच मागणे.

६. आपण येईपर्यंत अर्जदार पीत राहील. पहिल्या रांगेतली गुणा हल्ली पेला उपडा करून दाखवायला सांगते. अर्जदार दाखवतो. मगच ती पिते.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
धर्मराज सत्याप्पा मेत्री
दि. ११ ऑगस्ट १९८१

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, या अर्जाची कन्नड प्रत.